उजवीकडचा व्हॉल्व्ह

क्लेटन, मेलबर्न
मंगळवार, २ जून २०२६

चि. यतीनराव यांस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही तिघी बऱ्या आहोत. तुम्हीही असाल. इथे आज सकाळी चार अंश होतं. डार्विनला तीस आहे, असं अनुष्काने फोनवर पाहून सांगितलं. "बाबा शॉर्ट्स घालून फिरतोय आजी, सो नॉट फेअर," म्हणाली आणि शाळेत गेली.

पत्र पाहून दचकू नका. वाईट बातमी नाही. फोनवर मला नीट बोलता येत नाही. व्हॉट्सॲपवर लिहिलं की दोन निळ्या खुणा उमटतात आणि मग माणूस उत्तराची वाट बघत बसतो. पत्राचं तसं नाही. पेटीत टाकलं की आपण मोकळे.

हे आभाराचं पत्र आहे.

गेल्या गुरुवारी अनुष्काच्या खोलीत झाडत होते. भिंतीवरच्या रेडिएटरखाली कार्पेटची कड ओली लागली. आधी वाटलं, तिच्या बाटलीतलं पाणी सांडलं असेल. पुसलं. अर्ध्या तासाने परत ओली. मग खाली वाकून पाहिलं. उजवीकडच्या व्हॉल्व्हला प्लास्टिकची टोपी असते, तिच्या खालून थेंब येत होता. तुम्ही पहिल्याच हिवाळ्यात मला समजावलं होतं, गरम पाणी एका बाजूने आत जातं, दुसऱ्या बाजूने बाहेर पडतं, आणि दोन्ही टोकांना एकेक व्हॉल्व्ह. डावीकडचा रोज फिरवायचा. उजवीकडचा टोपीखाली असतो, त्याला कोणी हात लावत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणाचं लक्षही जात नाही.

कौमुदी युनिव्हर्सिटीत होती. लेकीला फोन लावायला घेतला आणि खाली ठेवला. ती प्लंबर बोलवा म्हणाली असती. मग लॉन्ड्रीत गेले. बॉयलरशेजारी खिळ्याला तुमची निळी वही टांगलेली आहे. तुम्ही जाण्याआधीच्या आठवड्यात लिहिलेली. चौदा महिने मी तिच्यावरची धूळ पुसत होते, उघडली नव्हती.

अक्षर मोठं काढलंय तुम्ही. मराठीत. पहिल्या पानावर लिहिलंय, "आई, दिवसा घरी तुम्हीच असता, म्हणून हे तुमच्यासाठी." चौथ्या पानावर उजवीकडच्या व्हॉल्व्हचं चित्र आहे. मी ते पान उघडं ठेवून कामाला लागले.

बॉयलर बंद केला. रेडिएटर हाताला गार लागेपर्यंत थांबले, तोवर वरण लावलं. टोपीचा स्क्रू काढला. खाली पितळेचा नट, मधून वर आलेला दांडा, दांड्याभोवती पाणी. सगळं चित्रात होतं तसंच. वहीत लिहिलंय, "नट पाव वळसा आवळा. पावच. आई, तुम्ही इथे जास्त आवळणार. नको." मी जास्त आवळणारच होते. हात थांबवला.

दांड्याभोवती टिश्यू गुंडाळून ठेवला. दहा मिनिटांनी पाहिला तर ओला. मग पुढचं पान. दांडा पान्याने फिरवून व्हॉल्व्ह बंद केला, किती वळसे ते भिंतीवर पेन्सिलीने लिहिलं. अडीच. नट सोडला. दांड्यावर टेफ्लॉनची पांढरी टेप गुंडाळली, बारक्या स्क्रूड्रायव्हरने खाली खुपसली, नट परत बसवला. व्हॉल्व्ह अडीच वळसे उघडला. बॉयलरच्या दाबाचा काटा एकच्या खाली आला होता, पाणी भरून दीडवर आणला.

दुसरा टिश्यू कोरडा राहिला. तिसराही. आज पाच दिवस झाले. कोरडा.

तुम्हाला आठवत असेल, मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक होते. ब्युरेटची तोटी गळायला लागली की मुलं मला हाक मारायची. त्यामुळे हात तयार होते. पण हे घर माझ्या हाताखालचं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. गुरुवारी वाटलं. ते तुमच्यामुळे. मनापासून आभार.

कौमुदीला संध्याकाळी सांगितलं. तिने टोपी काढून बघितलं, बोट लावलं, आणि म्हणाली, "वही त्याची आहे?" मी हो म्हटलं. तिने वही उचलली. खोलीत घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी खिळ्याला परत होती.

अधिक महिना चालू आहे. मी अनारशांचे तांदूळ भिजवणार आहे. झाले की पाठवीन. तळून झाल्यावर प्रवास सोसतात का ते कळेल.

आणखी दोन वर्षांच्या करारावर तुम्हाला महिनाअखेर सही करायची आहे, असं अनुष्काकडून समजलं. त्याबद्दल मी काही लिहीत नाही. तो तुमचा प्रश्न आहे.

तब्येतीला जपा. तिकडच्या उन्हात टोपी घालत जा.

शुभाशीर्वाद,
चित्रलेखा


क्लेटन
रविवार, १४ जून २०२६

चि. यतीनराव यांस,
अनेक आशीर्वाद.

तुमचा मेसेज बुधवारी दुपारी आला. मी अनारशांचं पीठ मळत होते. डाव्या हाताने फोन उघडला. "आई, भारी! मला वाटलं नव्हतं तुम्ही टेपपर्यंत जाल. आणि वाटी नव्हती ना ठेवलीत?" पुढे हसरा चेहरा.

मी फोन पालथा ठेवला. हात धुतले.

मागच्या पत्रात मी एक पान लिहिलं नाही. वहीतलं नाही, माझं. ते आता लिहिते.

तीन वर्षांपूर्वी असाच अधिक महिना होता. श्रावण. इथे ऐन थंडी. त्याच्या आधी एप्रिलमध्ये तुम्ही हॉलमधल्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह दुरुस्त केला होता. डावीकडचा. कौमुदी म्हणत होती, "लायसन्स असलेला प्लंबर बोलाव ना, प्रत्येक गोष्ट स्वतःच का?" तुम्ही म्हणालात, "दहा मिनिटांचं काम आहे." आणि सोफ्यामागे पालथे पडलात. गाल जमिनीला, एक हात पाइपमागे. मी चहा घेऊन आले आणि तशीच परत गेले. आमच्या घरी जावयाला पाण्याचा तांब्याही उचलू देत नसत. माझे वडील माझ्या नवऱ्यासमोर कधी पाय पसरून बसले नाहीत. तुमचे मोजे तेवढे दिसत होते. मला कसंतरी झालं. तुम्हाला यात काही वावगं वाटलं नाही, हे मला कळत होतं. तरी झालं.

जुलैमध्ये मी अनारशांचे तांदूळ भिजवले. तिसऱ्या दिवशी उपसून पंचावर पसरले, सोफ्यामागे, रेडिएटरपाशी ऊब असते म्हणून. एका कोपऱ्यातले तांदूळ सुकेनात. पंचा सरकवला. दुसरा कोपरा ओला झाला. मग पाहिलं. थेंब. उजवीकडच्या व्हॉल्व्हमधून.

उजवीकडच्या, यतीनराव. तुम्ही दुरुस्त केलेला डावीकडचा कोरडा ठणठणीत होता. मी बोट लावून पाहिलं होतं.

तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्ही शेजारच्या खोलीत होतात. पण रविवारी तुम्हाला वाण द्यायचं होतं. ज्या महिन्यात जावयाला पाटावर बसवून ओवाळायचं, त्या महिन्यात त्याच्या हातात पाना द्यायचा आणि परत जमिनीवर पालथं पाडायचं, हे मला जमेना. महिना सरल्यावर सांगू असं ठरवलं. आणि माझ्या आईकडून आलेली काशाची वाटी थेंबाखाली ठेवली. रोज सकाळी भरायची. मी ती कढीलिंबाच्या कुंडीत ओतायची आणि परत ठेवायची.

रविवारी तुम्हाला तेहतीस अनारसे दिले, वर दिवा. तुम्ही म्हणालात, "आई, मला शुगर होईल." कौमुदी म्हणाली, "एक तरी मला दे रे, मी काय पाप केलंय?" तुम्ही ताट उचलून धरलंत आणि तिला हात पुरेना. अनुष्का हसून लोळत होती. या घरात मी ऐकलेलं ते शेवटचं मोठं हसणं. आणि सोफ्यामागे वाटी होती.

ताई पडली म्हणून पुढच्या रविवारी मी पुण्याला निघाले. घाईत. विमान सिंगापूरला उतरलं तेव्हा वाटी आठवली.

यापुढचं लिहायला मला तीन दिवस लागले. मी तीन आठवडे पुण्यात होते. रोज फोन झाला. रोज मी अनुष्काच्या खोकल्याबद्दल विचारलं. "घरी सगळं ठीक?" असंही विचारलं, आणि तुम्ही म्हणालात, "सगळं ठीक, तुम्ही मावशींकडे बघा." एक वाक्य बोलायचं होतं. सोफ्यामागे बघा. पण ते बोलले असते तर आधीपासून माहीत होतं हेही बोलावं लागलं असतं. पहिल्या दिवशी अवघड वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याहून अवघड. दहाव्या दिवशी मी स्वतःची समजूत घातली की थेंब आपोआप थांबला असेल.

बॉयलरचा काटा उतरतोय म्हणून तुम्ही दर दोन दिवसांनी पाणी भरत होतात, हे मला नंतर कळलं. तुम्ही भरत होतात आणि ते जमिनीत जात होतं.

मी परत आले तेव्हा सोफा अंगणात होता. हॉलच्या जमिनीच्या लाकडी फळ्या फुगून वर आल्या होत्या, खालून काळ्या पडल्या होत्या. बुरशीचा वास होता आणि अनुष्काचा खोकला त्या वासाचा होता. प्लंबर येऊन गेला होता. त्याने व्हॉल्व्ह गळतोय एवढंच सांगितलं, दोन्ही काढून टाकले, नवे बसवले. कोणता, हे कोणी विचारलं नाही. त्या रेडिएटरला एप्रिलमध्ये तुम्ही हात लावला होता, तेवढं पुरलं.

मी पहिल्यांदा वाटी शोधली. ती स्वयंपाकघरात फळीवर होती. आपल्या जागी, धुतलेली, पालथी. मला वाटलं, पुण्याला निघताना मीच उचलून ठेवली असेल. नाही, असं वाटलं नाही. असं वाटावं म्हणून मी प्रयत्न केला. मग पुष्कळ दिवसांनी खरंच तसं वाटायला लागलं. तीन वर्षं मी ते नशीब समजले.

बुधवारी तुमच्या एका ओळीने कळलं की वाटी कोणी धुतली.

मी पुण्याहून परतले त्या रात्री जेवणाच्या टेबलावर कौमुदी तुम्हाला बोलली ते तुम्ही विसरला नसाल. "तुला सगळं येतं ना? मग हे बघ. तुझ्या दहा मिनिटांत पोरगी महिनाभर खोकतेय." तुम्ही एकदाच माझ्याकडे पाहिलंत. मी पोळ्या लाटत होते. मला वाटलं, तुम्ही माझी मदत मागताय. मी लाटणं थांबवलं नाही.

तुम्ही मदत मागत नव्हतात. मी बोलते का, एवढंच बघत होतात. मी बोलत नाही असं दिसल्यावर तुम्ही ताटाकडे बघून म्हणालात, "सॉरी. चुकलं माझं."

त्यानंतर तुम्ही घरातल्या एकाही वस्तूला हात लावला नाही. बल्ब बदलायलाही "कोणाला तरी बोलावू" म्हणायचात. फक्त जमिनीमुळे तुम्ही डार्विनला गेलात, असं मी म्हणत नाही. नवरा-बायकोत काय काय असतं ते मला माहीत नाही आणि विचारायचंही नाही. पण घरात तुमच्यावर एक ठपका होता, तो माझा होता, आणि तो घेऊन तुम्ही गेलात. जाताना माझ्यासाठी वही लिहून ठेवलीत. चौथ्या पानावर उजवीकडचा व्हॉल्व्ह काढलात, डावीकडचा सातव्या पानावर. ते मी आत्ता पाहिलं.

काल दुपारी कौमुदीला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या करत होती.

"उजवीकडचा?" तिने विचारलं.

"उजवीकडचा."

"आणि तुला माहीत होतं. पुण्यात बसून."

"हो."

"यतीनला?"

"वाटी त्यांनीच धुतली."

तिने हातातला टॉवेल परत उलगडला. "अनबिलीव्हेबल. म्हणजे तुम्ही दोघं एकमेकांना अहो-जाहो करत बसलात, आणि मी मूर्खासारखी त्याला तीन वर्षं ऐकवतेय?"

मी म्हटलं, "मला हवं ते बोल."

"तेच तर जमत नाही ना आई. तुला बोलले तर तू जाणार कुठे? पुण्याचा फ्लॅट विकून आलीयेस." आणि एकदम थांबली. मग हळू म्हणाली, "म्हणून तो गप्प बसला."

मला हे सुचलं नव्हतं. तिला सुचलं. तुमच्याशी चौदा वर्षं संसार केलाय तिने.

ती गाडीची किल्ली घेऊन बाहेर गेली. गाडी सुरू झाली नाही. खिडकीतून दिसत होती, ड्राइव्हवेमध्ये, स्टिअरिंगवर डोकं ठेवून. तासाभराने आत आली आणि म्हणाली, "त्याला लिहिणार आहेस ना? लिही. मी रडले ते लिहू नकोस." मी बरं म्हटलं. तेवढं एक मी पाळलेलं नाही. आता या घरात मला काही झाकून ठेवायचं नाही.

तुमची क्षमा मागायची तर आधी तुम्ही रागावायला हवं होतं. तुम्ही रागावलाच नाहीत. म्हणून आभारच मानते. मला जायला दुसरं घर नाही हे तुमच्या लक्षात राहिलं, आणि ते मला कधी जाणवू दिलं नाहीत. वाटी धुऊन फळीवर पालथी ठेवलीत. एवढं माझ्यासाठी कोणी केलेलं नाही. माझ्या माणसांनीही नाही, असं लिहिणार होते. पण मग तुम्ही कोण, असं मनात आलं आणि थांबले.

अनारसे या पत्रासोबत डब्यात आहेत. तेहतीस. सहा तळताना हसले, तुपात फुटून पसरले, ते आम्ही तिघींनी खाल्ले. उद्या अधिक महिना संपतो, डबा तुम्हाला नंतर मिळेल. देवाला चालेल. दिवा मी इथे लावला आहे.

सही करायची की नाही ते तुम्ही ठरवा. या पत्रामुळे ठरवू नका, असं म्हणणार होते. तेही खोटं झालं असतं.

आता एक काम आहे.

आज सकाळी नाश्त्याच्या वेळी कौमुदीने टेबलामागच्या रेडिएटरखाली हात घातला आणि बोट दाखवलं. ओलं. उजवीकडचा. हे सगळे एकाच वयाचे आहेत, एकामागून एक जाणार, असं तुमच्या वहीत आहेच. मी पाना आणायला उठले. कौमुदी म्हणाली, "बस आई." मग म्हणाली, "प्लंबरला फोन करू का?" आणि मग स्वतःच, "नको. थांबू या."

अनुष्का म्हणाली, "थांबू या फॉर व्हॉट?" मग ती आमच्या दोघींच्या तोंडांकडे बघून म्हणाली, "ओह." आणि कॉर्नफ्लेक्स खायला लागली.

तो रेडिएटर दोन्ही बाजूंनी बंद केला आहे. खोली गार आहे. दुपारी आम्ही तिघी स्वेटर घालून जेवलो. मला ते दुरुस्त करता येतं, हे तुम्हाला माहीत आहे. मी हात लावणार नाही. थेंब लहान आहे, तासाला एक, तेवढ्यातच सांगते आहे. खाली वाटी ठेवलेली नाही.

जमिनीवर पालथं पडावं लागेल. मी शेजारी चहा घेऊन उभी राहीन.

तुम्हाला काम सांगणारी,
आई